वाचक विचारतात : चौकातल्या वैमानिकाचे स्मारक

मागच्या अंकातल्या कोडगूवरच्या (कर्नाटकातले कूर्ग) लेखात तिथल्या मडिकेरी गावच्या 'स्क्वाड्रन लीडर अज्जमाड देवय्या चौका'चा ओझरता उल्लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली. काहींना हे देवय्या कोण ते हवे आहे. काहींच्या गावात असेच एखादे स्मारक करायचे घाटते आहे आणि त्यांना व्यवहाराची माहिती हवी आहे. सारख्या प्रश्नांची उत्तरे एकत्र दिली आहेत. बहुतेक पत्रांत पुतळ्याची उंची ठरून गेली आहे, आणि फलकावरचा मजकूर मात्र 'नंतर बघू' या खात्यात आहे. हा क्रम उलटा करा, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : देवय्यांनी नेमके काय केले? आणि 1965 च्या कामगिरीला महावीर चक्र 1988 मध्ये, म्हणजे 23 वर्षांनी का? (मिरज)

7 सप्टेंबर 1965 च्या पहाटे पंजाबातल्या आदमपूर तळावरून हवाई दलाच्या 1 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमाने पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ल्यासाठी निघाली. विमाने फ्रेंच बनावटीची, मिस्टेअर फोर-ए. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्याकडे होते. देवय्या राखीव वैमानिक होते. कुणाचे विमान ऐनवेळी मागे फिरले तर त्याची जागा घ्यायची, हे त्यांचे काम. ते तुकडीबरोबर गेले आणि परत आले नाहीत.

त्यांना गाठले ते पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-104 स्टारफायटरने. वैमानिक होते फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारे, मिस्टेअर आवाजाच्या वेगाच्या अलीकडेच थांबणारे. कागदावर ही लढत होऊच नये. पण स्टारफायटरचे पंख अगदी तोकडे. सरळ रेषेत ते कुणाला सापडत नसे, मात्र खाली उतरून वेग कमी करून वळणावळणाची झुंज सुरू झाली की ते जड पडे. देवय्यांच्या विमानाला मार बसला होता, तरी ते लढतीत टिकून राहिले आणि मिस्टेअरच्या 30 मिमी तोफांनी त्यांनी स्टारफायटर पाडले. अमजद हुसेन हवाईछत्रीने उतरले आणि वाचले. पुढे 1971 च्या युद्धात ते अमृतसरजवळ पुन्हा पाडले गेले आणि भारताचे युद्धकैदी झाले. देवय्या मात्र त्याच सकाळी गेले.

आता उशिराचे कारण. ही झुंज तुकडीतल्या दुसऱ्या कुणीही पाहिली नाही. इंधन मोजून मापून, प्रत्येकाचे लक्ष परतीच्या वाटेवर. त्यामुळे आपल्याकडच्या नोंदीत देवय्या नुसते 'बेपत्ता' झाले. 1979 मध्ये एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने या युद्धाचा इतिहास लिहिला. त्यात एका मिस्टेअरने स्टारफायटर पाडल्याचे आले. मग आपल्या बाजूने तारखा, वेळा आणि विमाने ताडून पाहिली गेली, आणि ते मिस्टेअर देवय्यांचेच असू शकते हे स्पष्ट झाले. 1988 मध्ये मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले, ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. हवाई दलात मरणोत्तर महावीर चक्र मिळालेले ते एकमेव अधिकारी मानले जातात.

म्हणून त्यांच्या फलकावर 1965 आणि 1988 ही दोन्ही वर्षे हवीत. एकच वर्ष दिले की वाचणाऱ्याचा हिशेब चुकतो.

प्रश्न : देवय्या, देवैया, देवाया, अशी तीन रूपे वाचली. शिवाय 'अज्जमाड' हे नाव की आडनाव? (कोल्हापूर, निपाणी)

देवय्या कोडगूतल्या कोडवा समाजाचे. कोडवा पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते. त्याला ते 'ओक्क' म्हणतात. अज्जमाड हे घराणे, बोप्पय्या हे वडिलांचे नाव आणि देवय्या हे त्यांचे स्वतःचे नाव. आपल्या सवयीप्रमाणे शेवटचा शब्द आडनाव समजून 'देवय्या घराणे' असे लिहिले की घोटाळा होतो. फील्ड मार्शल कोदंडेर मडप्पा करिअप्पा आणि जनरल कोदंडेर सुबय्या तिमय्या ही नावे शेजारी ठेवून पाहा. घराणे एकच, कोदंडेर. आपण ज्याला आडनाव समजत आलो ते करिअप्पा आणि तिमय्या ही त्यांची स्वतःची नावे.

'देवैया' हे रूप इंग्रजी स्पेलिंगवरून हिंदीत आले. कन्नडमध्ये 'य्य' स्पष्ट आहे, म्हणून मराठीत 'देवय्या' लिहावे. परभाषिक नाव फलकावर घ्यायचे तर इंग्रजीवरून उलटे लिप्यंतर करू नका. मूळ लिपीतले नाव मागवा आणि ती भाषा येणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी 1971 च्या युद्धातल्या वैमानिकाचा स्मृतिफलक करायचा आहे. मजकूर कसा असावा? समितीने 140 शब्दांचा मसुदा केला आहे. (सातारा जिल्हा)

140 शब्द चौकात उभे राहून कुणी वाचत नाही. पंचवीस-तीस शब्दांत बसवा. देवय्यांचाच नमुना करून दाखवतो :

स्क्वाड्रन लीडर
अज्जमाड बोप्पय्या देवय्या
महावीर चक्र (मरणोत्तर, 1988)
1 स्क्वाड्रन, भारतीय हवाई दल
24 डिसेंबर 1932 – 7 सप्टेंबर 1965
सरगोधा हवाई तळावरील हल्ल्याच्या वेळी
मिस्टेअर विमानातून स्टारफायटर पाडून वीरमरण

यात एकही विशेषण नाही, आणि काय घडले ते सगळे आहे. 'शूर', 'धाडसी', 'भारतमातेचे सुपुत्र' यांनी जागा भरते, माहिती वाढत नाही. हुद्दा मृत्यूच्या वेळचा घ्या आणि त्याचे भाषांतर करू नका. 'स्क्वाड्रन लीडर'च लिहा, 'पथकप्रमुख' नको. 'हवाई दल' की 'वायुसेना' हा वाद प्रत्येक समितीत होतो. मराठी फलकावर 'हवाई दल' सरळ आहे. 'वायुसेना' घेतले तरी चूक नाही, पण पाटीवर एक आणि कमानीवर दुसरे असे नको.

मसुद्यातली प्रत्येक तारीख, हुद्दा आणि स्क्वाड्रनचा क्रमांक कागदावरून ताडा. घरच्यांच्या आठवणी मोलाच्या असतात, पण तारखांना त्या दगा देतात. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि हवाई दलातली जन्मतारीख वेगळी निघणे नेहमीचेच. फलकावर हवाई दलाच्या नोंदीतली घ्या. पदकाचे मानपत्र राजपत्रात छापलेले असते, ते मिळवा. कुटुंबाशी आणि हवाई दलाशी पत्रव्यवहार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केला तर लवकर मार्गी लागतो.

मान्यवरांची नावे? उद्घाटक, प्रमुख पाहुणे, नगराध्यक्ष, समितीचे सतरा सदस्य यांच्यासाठी वेगळी छोटी पाटी करा, ती चौथऱ्याच्या मागे लावा. पुढच्या फलकावर एकच नाव असू द्या.

प्रश्न : 'शहीद' लिहावे की 'हुतात्मा'? (परभणी)

'शहीद' ही संरक्षण दलांतली अधिकृत संज्ञा नाही, सरकारने हे संसदेतही सांगितले आहे. सरकारी कागदाशी जुळवायचे तर 'युद्धात वीरमरण'. 'हुतात्मा' मराठीत रुळलेला शब्द आहे, गावाने तो वापरला तर बिघडत नाही. 'शहीद हुतात्मा' असे दोन्ही एकापुढे एक मात्र नको.

प्रश्न : काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घेतलेल्या फलकात जोडाक्षरे फुटली, 'ऱ्या'चा 'र्या' झाला. दोष कोणाचा? पुढच्या वेळी काय करावे? (बार्शी)

दोष बहुधा कोरणाऱ्याचा नसतो, फाइलीचा असतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप होतो, डीटीपीवाला तो जुन्या फॉन्टमध्ये बदलतो, तिथून तो स्टेन्सिल कापणाऱ्याच्या कोरलड्रॉ या संगणक-प्रणालीत जातो, आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसतो. या तीन उड्यांत 'ऱ्य', 'श्र', 'ज्ञ', 'द्ध' आणि दुहेरी 'य्य' हटकून सांडतात. वरच्या नमुन्यातच पाहा : 'देवय्या'तला 'य्य' फुटला की पाय मोडलेला 'य्‌' सुटा पडतो, आणि 'स्क्वाड्रन'मध्ये तर तीन व्यंजने एकात एक अडकलेली, पुढे परत 'ड्र'. म्हणून अक्षरजुळणी जिथे झाली तिथेच अक्षरे 'कन्व्हर्ट टू कर्व्हज' करून घ्या. त्यानंतर ती अक्षरे राहत नाहीत, चित्र होते, आणि कुठल्याही मशीनवर ते तसेच उघडते.

मग मापे. तीन मीटरवरून वाचायचे तर अक्षराची उंची किमान 25 मिमी, नावाची ओळ 60 मिमीच्या आसपास. देवनागरीत उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, मात्रा आणि उकार सोडून. दोन शिरोरेषांतले अंतर अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन ते दोन पट ठेवा. इंग्रजी फलकाच्या हिशेबाने ओळी दाटून बसवल्या की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसतो. 'अज्जमाड बोप्पय्या देवय्या' ही दहा अक्षरे आणि दोन मोकळ्या जागा 60 मिमी उंचीत सुमारे पाऊण मीटर रुंदी घेतात. दोन्ही बाजूंना समास धरून दगड चार फूट रुंद, तीन फूट उंच घ्या.

वाळूचा फवारा मारून कोरताना रबरी स्टेन्सिल वापरतात. 3 मिमीपेक्षा बारीक रेघ असली तर तिथे फवाऱ्याने रबर उचलले जाते आणि कड विस्कटते. म्हणून सुबक लेखणीचा फॉन्ट नको, एकसारख्या जाडीचा ठळक फॉन्ट घ्या. कोरीव खोली 2.5 ते 3 मिमी हवी. नुसते लेझरने खरवडलेले अक्षर पहिल्या वर्षी छान दिसते. पण त्याला खोली नसल्यामुळे दगडावर क्षार आणि धूळ बसली की पुसट होते, आणि परत रंग भरायला खाचच नसते.

स्टेन्सिलच्या आधी मूळ आकारात कागदावर छापून भिंतीला चिकटवा आणि दोघांना वाचायला द्या. एक विषय जाणणारा, दुसरा काहीच माहिती नसलेला. जाणकार चूक मनातल्या मनात दुरुस्त करून वाचतो, अनोळखी माणूस तिथेच अडखळतो. दगडावर स्टेन्सिल लागल्यावर फवाऱ्याआधी पुन्हा एकदा वाचा. त्यानंतर दुरुस्ती नाही. ग्रॅनाइटमध्ये भरलेली खाच लपत नाही, सगळा पृष्ठभाग घासून परत पॉलिश करावा लागतो किंवा नवा दगड.

बसवतानाचे थोडक्यात : या मापाचा 20 मिमी जाडीचा दगड 60 किलोच्या आसपास भरतो, नुसत्या सिमेंटवर विसंबू नका. मागून स्टेनलेस स्टीलच्या पिना, भोकाची खोली 12 मिमीच्या आत. साधी लोखंडी पिन गंजली की फुगते आणि कोपऱ्याचा टवका उडवते. दगडामागे सिमेंट ठासून भरू नका. पाणी मुरून लोणा लागतो आणि पांढरे ओघळ नेमके अक्षरांवरून उतरतात. 10 मिमी पोकळी आणि खाली पाणी जायला वाट ठेवली की हा त्रास होत नाही.

प्रश्न : पुतळ्याच्या छातीवर पदक कसे दाखवावे? रिबनचा रंग कोणत्या बाजूला? (नाशिक)

महावीर चक्र चांदीचे, गोल, व्यास 1⅜ इंच. त्यावर कडेला टेकलेला पाच टोकांचा तारा आणि मधल्या घुमटीवर सोनेरी राजमुद्रा. रिबन अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी, आणि नारिंगी भाग डाव्या खांद्याकडे. डावा खांदा पुतळ्याचा. समोर उभे राहिलात तर नारिंगी तुमच्या उजव्या हाताला येते. रंगीत फलकांवर इथे हमखास उलटापालट होते.

पण मुळात प्रश्न वेगळा आहे. देवय्यांनी महावीर चक्र कधी लावलेच नाही. ते मिळाले तेव्हा त्यांना जाऊन 23 वर्षे झाली होती. मरणोत्तर पदक पुतळ्याच्या गणवेशावर डकवणे आमच्या मते चूक आहे. ते चौथऱ्यावर उठावात दाखवावे, मोठे आणि स्पष्ट. उलट हृषीकेश मुळगावकरांसारख्यांचे वेगळे. काश्मीरच्या 1947–48 च्या युद्धातले महावीर चक्र मिळवून ते पुढे हवाई दलप्रमुख झाले. त्यांच्या छातीवर ती रिबन असणे बरोबरच.

शिल्पकाराला त्या काळाची छायाचित्रे द्या. नुसते 'पायलट' सांगितले की तो आजच्या वैमानिकाचे शिरस्त्राण आणि पोशाख घडवतो. वैमानिकाचा पंखांचा बिल्ला डाव्या छातीवर, रिबनपट्ट्यांच्या वर. स्क्वाड्रन लीडरच्या हुद्द्याला दोन रुंद पट्ट्या आणि मधे एक अरुंद. तिन्ही सारख्या केल्या तर विंग कमांडर होतो! आणि उड्डाणाच्या पोशाखावर लोंबती पदके कुणी लावत नाही. समारंभाचा गणवेश किंवा उड्डाणाचा, एक ठरवा.

प्रश्न : ब्राँझ किती जाड घ्यावे? फायबरचा पुतळा ब्राँझसारखा रंगवला तर चालेल का? (इचलकरंजी)

फायबर सावलीत, सभागृहात चालेल. उघड्यावर उन्हाने वरचा थर पांढुरका पडतो, बारीक चिरा जातात, मग दर दोन-तीन वर्षांनी रंग आणि प्रत्येक रंगाबरोबर नाकडोळे बोथट. पैसे कमी असतील तर फायबरच्या पूर्णाकृतीपेक्षा ब्राँझचा अर्धपुतळा करा.

मिश्रधातू आपल्याकडे सहसा 85-5-5-5 असतो : तांबे 85 टक्के, कथील, शिसे आणि जस्त प्रत्येकी 5. जाडी 6 ते 8 मिमी. 6 मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे 53 किलो भरतो. माणसाच्या मापाच्या पुतळ्याचा पृष्ठभाग कपड्यांच्या चुण्या धरून अडीच चौरस मीटर पकडला तर 130 किलोंच्या पुढे जातो. उंची दीडपट केली की पृष्ठभाग सव्वादोनपट, म्हणजे वजन 300 किलोंच्या घरात. ओतकामाची किंमत मागताना हा हिशेब जवळ ठेवा आणि पुतळा काट्यावर तोलून घ्या. वजन फारच कमी भरले तर जाडी चोरली आहे.

आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, तोही 316 प्रतीचा. साधे लोखंड ब्राँझला टेकले आणि मधे ओल आली की लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. बाहेरून पुतळा धडधाकट दिसतो आणि आत नटबोल्ट गेलेले असतात. समुद्रकाठी तर फारच जपावे लागते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, त्याच्या थोडे दिवस आधीच नटबोल्ट गंजल्याचे पत्र गेले होते. पायात पाणी जायला छिद्रे आणि सांगाडा तपासायला मागून उघडता येणारी झडप, या दोन गोष्टी करारातच लिहा.

प्रश्न : मडिकेरीसारख्या पावसात ब्राँझ टिकते कसे? आमच्याकडे पुतळ्यावर हिरवी भुकटी धरते. दर जयंतीला चिंच लावून घासतो. (आंबोली परिसर)

चिंच आजपासून बंद. लिंबू, भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणीही. ब्राँझवरचा गडद तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. तो शिल्पकाराने मुद्दाम चढवलेला, धातूला जपणारा थर आहे. तो घासून काढला की दोन दिवस पुतळा पितळी चमकतो आणि पुढच्या पावसात डागाळतो. त्याहून वाईट म्हणजे सोनेरी ऑइलपेंट. त्याखाली ओल कोंडते.

मडिकेरीत वर्षाला 3000 मिमीहून जास्त पाऊस पडतो, तुमच्याकडे त्याच्याही वर. नुसत्या पावसाने ब्राँझचे फार बिघडत नाही. बिघडते ते पक्ष्यांच्या विष्ठेने, साचलेल्या पाण्याने आणि हारांनी. टोपीचा कड, खांद्याची पट्टी, काखेतली घडी या जागा पाहा. सगळीकडे सारखा, घट्ट बसलेला हिरवा थर असेल तर घाबरू नका. ठिपक्याठिपक्यांनी फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी येत असेल तर ती क्लोराइडची खूण. तिथे धातू आतून खाल्ला जातो. ते काम संवर्धन जाणणाऱ्या माणसाचे.

एरवी वर्षातून दोनदा, मेच्या सुरुवातीला आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात, असे करा : साधे पाणी, त्यात सौम्य द्रव साबण, एका बादलीला दोन चमचे पुरे. मऊ ब्रशने वरून खाली धुवा. साबणाचा अंश राहू देऊ नका. दिवसभर उन्हात पूर्ण वाळू द्या. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, सुती फडक्याने. धातू कोमट असताना मेण नीट पसरते, म्हणून दुपारी चारची वेळ बरी. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसा. जाड थर दिला तर धूळ चिकटते आणि घड्यांत पांढरे मेण साठते. एका माणसाचे हे एका दिवसाचे काम.

हार सुती दोऱ्यातले असावेत. तारेत ओवलेला हार मानेवर चरे पाडतो आणि त्या चऱ्यांतूनच हिरवे सुरू होते. संध्याकाळी हार काढायची जबाबदारी नाव घेऊन एकावर टाका.

प्रश्न : चौकात जुने लढाऊ विमान उभे करायचे आहे. मिग-21 आता निवृत्त झाले, मिळेल का? (निफाड)

मिग-21 ने 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निरोप घेतला. तुमच्याजवळच्या ओझरला पूर्वी ही विमाने बनत असल्यामुळे नाशिककरांचा ओढा समजतो. निवृत्त विमाने संस्थांना प्रदर्शनासाठी दिली जातात. त्यासाठी स्थानिक संस्थेचा ठराव, जागा आणि देखभालीची हमी यांसह हवाई दलाच्या मुख्यालयाकडे अर्ज लागतो. इंजिन आणि स्फोटक काडतुसे काढूनच विमान मिळते, वाहतुकीचा आणि जोडणीचा भार तुमच्यावर. पण त्या वैमानिकाने जे विमान उडवले तेच उभे करा. 1965 च्या मिस्टेअरच्या वैमानिकापुढे मिग-21 उभे केले की पोरे तेच विमान खरे धरून चालतात. निर्मलजित सिंग सेखों यांच्या स्मारकाला नॅटच हवे. त्यांनी 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर लढत दिली ती नॅटमधून, आणि परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकटेच.

खांबावर तिरके, उड्डाणाच्या पवित्र्यात उभे करायचे असेल तर एक गोष्ट विसरू नका. विमानाचा पंख वाऱ्यात पंखाचेच काम करतो. पुणे-नाशिककडे रचनेसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. त्या वेगाला दर चौरस मीटरला साधारण 900 न्यूटन दाब येतो. मिग-21 चा पंख 23 चौरस मीटरचा. नाक वर ठेवले तर पावणेदोन टनांच्या आसपास वरचा ओढा येऊ शकतो, तोही झटक्याझटक्याने. विमान उडून जाणार नाही, पण खांबाच्या बुडाचे बोल्ट आणि वेल्डिंग थकते. आयएस 875 भाग 3 या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे गणित केलेला आराखडा घ्या. गावातल्या फॅब्रिकेटरच्या अंदाजावर हे काम सोपवू नका.

चाकांवर उभे करणार असाल तर वजन टायरवर नको. टायर दोन वर्षांत बसतात आणि विमान एका बाजूला कलते. जॅक लावायच्या मूळ जागांखाली पोलादी आधार द्या. सगळ्यात खालच्या जागी 10-12 मिमीची छिद्रे पाडा. नाहीतर पोटात पाणी साचून आतून अॅल्युमिनियम कुजते. एअर इनटेक (हवा आत घेणारे तोंड) आणि मागचा पाइप जाळीने बंद करा. तिथे पारवे आणि आग्या मोहोळ दोघेही येतात. पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांमध्ये नायलॉनचा वॉशर घाला. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झाकणी, उन्हाने पिवळी पडते, तिच्या आतून पांढरा रंग द्या. रंगवताना गोल खुणेकडे लक्ष ठेवा : बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा.

प्रश्न : परवानगी कोणाची? (तीन पत्रे)

महाराष्ट्रात पुतळ्यांसाठी 2 मे 2017 चा शासन निर्णय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे प्रस्ताव जातो. त्याआधी ग्रामसभेचा किंवा नगरपालिकेचा ठराव, जागेच्या मालकीचा कागद, पोलिसांचा ना हरकत दाखला, आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. नमुना मंजूर होण्याआधी ओतकाम सुरू करू नका. चेहऱ्यात बदल सुचवला गेला तर सगळा खर्च परत. रस्ता, पदपथ आणि रहदारीच्या जागेवर नव्या पुतळ्याला सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 च्या आदेशाने मनाई केली आहे. 'चौकाच्या मधोमध'चा हट्ट इथेच संपतो. शाळेचे आवार, बसस्टँडची मोकळी बाजू किंवा वाचनालयापुढची जागा पाहा. तिथे फलक वाचायला निदान थांबता येते.

प्रश्न : मडिकेरीला जाणार आहोत. तिथे देवय्यांची समाधी आहे का? आणखी काय पाहावे? (डोंबिवली)

समाधी नाही, स्मारक आहे. विमान पडले तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना पाकिस्तानातच पुरले, अशी माहिती पुढे आली. चौक खासगी बसस्टँडजवळ आहे. गावातच जनरल तिमय्यांचे 'सनी साइड' हे घर आता संग्रहालय झाले आहे, ते फेब्रुवारी 2021 मध्ये खुले झाले. त्याला सकाळचे दोन तास ठेवा. रेल्वेने म्हैसूरला उतरून पुढे सुमारे 120 किलोमीटर रस्ता. जून ते सप्टेंबरात घाटाची बातमी पाहून निघा.

प्रश्न : स्मृतिदिनी पुष्पचक्र वाहायचा क्रम काय? बिगुलवाला नसेल तर? (वाई)

सगळे जागेवर उभे राहिल्यावर पुष्पचक्र. आधी कुटुंबीय, मग सैनिकी प्रतिनिधी, मग इतर. त्यानंतर बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही धून, दोन मिनिटे स्तब्धता आणि मग 'राऊज' ही धून. बिगुलवाला नसेल तर ध्वनिमुद्रण चालते, पण स्पीकर आदल्या दिवशी त्याच जागी वाजवून पाहा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. स्तब्धतेच्या मधोमध कुणाचा तरी फोन त्याच स्पीकरमधून वाजतो. दोन मिनिटे घड्याळावर मोजा, अंदाजाने ती चाळीस सेकंदांत संपतात. पुष्पचक्र फलकाला टेकवून ठेवू नका, तिपाईवर ठेवा. ओल्या फुलांचा रस ग्रॅनाइटवर डाग पाडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उचलून जागा साध्या पाण्याने धुऊन घ्या.